दक्षिणेच्या आकाशासाठी छोटी दुर्बीण

हिवाळ्यात रात्री पुण्यातून दक्षिणेकडे पाहिलं की अगस्त्य ठळक चमकताना दिसतो. त्याच्याही बरंच खाली, थेट क्षितिजाला टेकून, आपल्या आकाशगंगेची शेजारीण असलेली एक छोटी दीर्घिका असते: मोठा मॅगेलन मेघ. तो आपल्याकडे जास्तीत जास्त पावणेदोन अंश वर येतो, म्हणजे धुळीतच बुडून जातो. न्यूझीलंडच्या टेकापो सरोवराकाठी मात्र हा मेघ कधी मावळतच नाही.

मुलाकडे किंवा मुलीकडे मेलबर्नला, ऑकलंडला निघालेले आई-बाबा विचारतात, ‘सोबत कोणती दुर्बीण न्यावी?’ पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘किती पट मोठं दिसेल?’ दक्षिणेच्या आकाशासाठी हा दुसरा प्रश्न दिशाभूल करणारा आहे. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश जागा व्यापते. मोठा मॅगेलन मेघ जवळपास तेवढाच पसरलेला आहे, म्हणजे वीस पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडावेत इतका. तो बघायला हवी मोठी खिडकी.

आता हिशेब करू. ६० मिमी व्यासाचा आणि ३६० मिमी नाभीय अंतराचा (म्हणजे भिंगापासून प्रतिमा जिथे बनते तिथपर्यंतच्या अंतराचा) छोटा रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगांची दुर्बीण, घ्या. २४ मिमीचा रुंद क्षेत्राचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावला की ३६० भागिले २४, म्हणजे १५ पट मोठं दिसतं आणि आकाशाचा चार अंशांहून जास्त तुकडा एका वेळी नजरेत येतो. ९० मिमीची मॅक्सुटोव्ह, म्हणजे आरसा आणि भिंग दोन्ही असलेली दुर्बीण, नळीने आखूड, म्हणून प्रवासासाठी ती बरेच जण सुचवतात. पण तिचं नाभीय अंतर १२५० मिमीच्या आसपास असतं, त्यामुळे नेहमीच्या सव्वा इंची आयपीसमधून जेमतेम सव्वा अंश दिसतो. चंद्र आणि ग्रहांसाठी ती उत्तमच. पण चंद्र आणि शनी आपल्या गच्चीवरूनही दिसतात. त्यांच्यासाठी ती एवढ्या लांब वाहून नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

छोट्या दुर्बिणीचा आणखी एक गुण आहे. तरुणपणी अंधारात डोळ्याची बाहुली सात मिमीपर्यंत उघडते, साठीनंतर ती अनेकदा पाचच्या आसपास येते. वरच्या रिफ्रॅक्टर आणि आयपीसच्या जोडीतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ६० भागिले १५, म्हणजे चार मिमी रुंद असतो. तो आजोबांच्या डोळ्यातही पूर्ण शिरतो. पाच मिमीच्या बाहुलीच्या तुलनेत ६० मिमीचं भिंग १४४ पट प्रकाश गोळा करतं.

माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा भाग, साधाच घ्या, वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा. विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्यासोबत फिरणारा) ध्रुवताऱ्याकडे रोखून लावायची आपल्याला सवय असते, पण दक्षिण ध्रुवाजवळ तसा ठळक ताराच नाही. तिथला सिग्मा ऑक्टन्टिस हा तारा ५.४ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक), इतका अंधुक की शहरातून नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

खरी फजिती होते ट्रायपॉडमुळे. वजन वाचवायला म्हणून हलका ट्रायपॉड घेतला जातो आणि मग फोकसचं चाक फिरवलं की तारे नाचायला लागतात. विकत घेण्यापूर्वी दुर्बीण त्यावर चढवा, एखादा दूरचा दिवा धरा आणि नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. दोन सेकंदांत दिवा स्थिर झाला तर ठीक. चार-पाच सेकंद हलत राहिला, तर मधला खांब पूर्ण खाली घ्या आणि त्याच्या आकड्याला सामानाची पिशवी लटकवून पुन्हा बघा. तरीही हलत असेल तर तो घेऊ नका.

नळी आणि आयपीस केबिन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. बऱ्याच विमान कंपन्या केबिनमध्ये सात किलोच नेऊ देतात आणि अशी नळी साधारण दीड-दोन किलोंची असते. ट्रायपॉड मोठ्या बॅगेत जाऊ द्या, पण त्याचे पाय आधी घासून धुवा. माती लागलेलं सामान न्यूझीलंडमध्ये उतरल्यावर जाहीर करावं लागतं आणि त्याची कसून तपासणी होते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच ठेवायच्या.

तिकीट काढताना अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. मोठा मेघ डिसेंबर ते फेब्रुवारीत संध्याकाळनंतर उंच असतो. ईटा कॅरिनी ताऱ्याभोवतीचा तेजोमेघ (चमकणारा वायूचा ढग) आणि नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पाहायला मार्च ते मे बरा. हे दोन्ही आपल्याकडूनही दिसतात, पण क्षितिजाजवळ, मलूल.

पहिल्या रात्री मृग उलटा दिसेल, तेव्हा गोंधळू नका. तिथून अगस्त्याकडे आणि मग मेघाकडे या. मेघाच्या एका कडेला कोळ्यासारखा पाय पसरलेला छोटा उजेड दिसेल, तो टॅरंटुला तेजोमेघ, सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षं दूर. फेब्रुवारी १९८७ मध्ये त्याच्या शेजारीच एक तारा फुटला आणि तो अतिनवतारा नुसत्या डोळ्यांनी दिसला. १५ पटीत ती सगळी जागा एका नजरेत मावते, आणि भोवती तरीही भरपूर आकाश उरतं.