जामखेड आरोग्य प्रकल्प
अहिल्यानगर (आधीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेलं काम. दवाखाना, पिण्याचं पाणी, लहान मुलांचं खाणंपिणं, कुष्ठरोग्यांचं पुनर्वसन, बायकांची मंडळं ही वेगवेगळ्या खात्यांची कामं न मानता गावातूनच, एकत्र चालवायची, हा याचा गाभा.

कल्पना आली कुठून यावर मात्र एकमत नाही. काही जण १९४६ च्या भोर समितीपर्यंत (देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे सुचवणारी सरकारी समिती) मागे जातात, कारण उपचार आणि प्रतिबंध एकाच ठिकाणी हवेत हे तिथे स्पष्ट मांडलेलं आहे. काहींना दक्षिण आफ्रिकेतलं, साधारण १९४० च्या सुमाराचं फोलेला हे ग्रामीण आरोग्य केंद्र जवळचं वाटतं, आणि चीनचे अनवाणी डॉक्टर (थोडं शिक्षण घेऊन गावातच उपचार करणारे आरोग्यसेवक) तर अशा चर्चेत हमखास येतातच. त्यातल्या त्यात पटणारा धागा कार्ल टेलर यांचा, ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे, पंजाबात नारंगवालला गावातल्या आरोग्यसेवेवर झालेलं संशोधन त्यांचंच, आणि आरोळे दांपत्य वेल्लोरहून डॉक्टर होऊन पुढे पब्लिक हेल्थ शिकायला हॉपकिन्सलाच गेलं होतं. तरी गावातलीच बाई आरोग्य सेविका म्हणून निवडायची ही गोष्ट पुस्तकातून आलेली दिसत नाही. आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या, ते जमलं नाही, मग गावकऱ्यांकडूनच हा मार्ग पुढे आला, असं आरोळे सांगत, आणि तेच जास्त खरं वाटतं. या सेविका बऱ्याचशा निरक्षर, त्यात दलित बायकाही होत्या, दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि शिकलेलं गावात जाऊन सांगायच्या.

१९७२ च्या दुष्काळात बोअर घ्यायचे ठरले तेव्हा पाणी शक्यतो दलित वस्तीत लागेल अशी जागा बघायला सांगितलं गेलं, म्हणजे हापसा तिथेच बसला आणि बाकीच्या गावाला पाण्यासाठी त्या वस्तीत यावंच लागलं. जुलाबाचा आणि शिवाशिवीचा इलाज एकाच खड्ड्यात! कुष्ठरोग्यांसाठीही वेगळं दार ठेवलं नाही, इतर पेशंटबरोबरच तपासणी.

बालमृत्युदर १९७१ च्या सुमाराला हजारी १७६ होता तो १९७६ पर्यंत ५२ वर आला, असं प्रकल्पाच्याच नोंदी सांगतात. सगळं श्रेय एकट्या प्रकल्पाचं धरू नये, पण पाच वर्षांत एवढा फरक निव्वळ औषधांनी पडत नाही हेही खरंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या एका संकलनात जामखेडवर प्रकरण आहे, त्यामुळे १९७८ च्या, प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा परिषदेवर त्याची छाप होती असं बरेच अभ्यासक मानतात. सरकारी योजनांनी मात्र यातली फक्त सेविका उचलली. १९७७ च्या, गावोगाव आरोग्यसेवक नेमायच्या योजनेत तर बहुतेक पुरुषच घेतले, आणि २००५ नंतरच्या आशाताई आरोग्य खात्याच्या, अंगणवाडीताई महिला व बालविकासच्या, म्हणजे एकाच कुपोषित पोराची नोंद दोन रजिस्टरांत आणि पाणी तिसऱ्याच खात्याकडे. जामखेडनं जे जोडलं होतं तेच इथे पुन्हा सुटलं.

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. त्यानंतर काम त्यांची मुलं शोभा आणि रवी आरोळे यांनी पुढे नेलं.