पस्तीस आले कुठून?

यवतमाळ किंवा वाशिमकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या पाट्या चाळल्या, तर ५२ − २७ = ३५ हे उत्तर कुठे ना कुठे सापडतंच. मॅडमपुढे त्या क्षणी तीन वाटा असतात. फुली मारायची, बरोबर उत्तर सांगून मोकळं व्हायचं, नाहीतर जवळ बसून विचारायचं, "कसं काढलंस, सांग बरं." शैक्षणिक मानसशास्त्राने शिक्षकाच्या हाती सगळ्यात मोलाचं काही दिलं असेल, तर ही तिसरी वाट.

कारण ३५ हे अंदाजपंचे उत्तर नसतं. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला. त्यांना आढळलं की पुष्कळ मुलं इमानेइतबारे एक नियम पाळत असतात, पण तो नियमच चुकीचा असतो. इथला नियम असा: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. विचारलं तर मूल बिनधास्त सांगतं, "मोठ्यातून लहान वजा कराचं असते ना, मॅडम?" त्याचं काय चुकलं? बिनहातच्याच्या वजाबाकीत हा नियम प्रत्येक वेळी चालला होता, त्यावर शाबासकीही मिळाली होती.

खात्री करायला ६४ − ३८ द्यावं. उत्तर ३४ आलं, तर नियम सापडला. भलतंच आलं, तर अडचण दुसरीकडे आहे, ती वेगळी शोधावी लागेल. नियम सापडल्यावर तशीच वीस गणितं सोडवायला देणं मात्र घातक, कारण प्रत्येक गणितागणिक तो आणखी पक्का होतो. त्यापेक्षा तुराट्यांच्या काड्या घ्याव्या. दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवून त्यातल्या सत्तावीस मागाव्या. सुट्या सात देता येत नाहीत म्हटल्यावर मूल घुटमळतं, जुडीकडे बघतं आणि बहुतेकदा स्वतःच तिचा दोरा सोडतं. आता सुट्या बारा, त्यातून सात गेल्या. दशक सुटा करणं फळ्यावर सांगून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे हाताला कळतं. त्यानंतर लगेच तेच गणित पाटीवर मांडून घ्यायला हवं, नाहीतर काड्या काड्यांच्या जागी राहतात आणि पाटीवर पुन्हा ३५ येतात.

दुसरी गोष्ट डोक्यात किती मावतं याची. एका वेळी आपण मनात किती गोष्टी धरू शकतो? मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन हा आकडा चारच्या आसपास असल्याचं मांडलं. आता मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याचं मूल घ्या. घरी कोरकू, जी मराठीच्या भाषाकुळातली नाहीच, आणि पुस्तकात शाब्दिक उदाहरण प्रमाण मराठीत. भाषा उलगडण्यातच त्याची निम्मी जागा खर्च होते आणि गणितासाठी थोडीच उरते. अशा मुलाला 'कच्चं' ठरवण्याआधी तेच उदाहरण त्याच्या बोलीत, दोन तुकड्यांत, फळ्यावरचं न पुसता द्यावं. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे, फक्त कमी प्रमाणात.

प्रश्न विचारल्यावर आपण थांबतो किती? शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत हे मोजलं आणि १९७४ मध्ये मांडलं. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. वर्गातली दोन-तीन चुणचुणीत पोरं सगळी उत्तरं देऊन टाकतात, अशी तक्रार असेल, तर आधी हा उपाय करून बघावा. त्याला पैसा लागत नाही, जीआर लागत नाही.

विसरण्याचं मात्र इथे वेगळंच गणित आहे. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो, घरातली सगळी माणसं वावरात असतात आणि वर्गातली हजेरी गळते. आधीच आपलं मन भराभर विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. मग परतलेल्या मुलांसाठी धडा पुन्हा वाचून दाखवायचा का? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवणाऱ्यांनी ५६ टक्के मजकूर सांगितला, वाचणाऱ्यांनी ४२. हे कॉलेजचे विद्यार्थी होते, त्यामुळे आकडे आपल्या तिसरीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, पुस्तक मिटून, गेल्या महिन्यातलं जे आठवेल ते पाटीवर, एवढं कुठल्याही द्विशिक्षकी शाळेत जमतं. एकाच खोलीत तिसरी-चौथी बसत असेल, तर चौथीच्या मुलांची मागची उजळणी आपसूक होते.

प्रशिक्षणात सांगितलं जातं ते सगळंच असं कसाला उतरलेलं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, म्हणून ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवा, हे फार लोकप्रिय आहे. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्याचे पुरावे तपासले, तेव्हा ते पुरेसे भरले नाहीत. जुड्या सगळ्यांनाच दाखवाव्यात आणि समजावूनही सगळ्यांनाच सांगावं.

आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं. त्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच दिवस जातो. त्यातला अर्धा तास मुलांच्या चुकांसाठी राखून ठेवावा. प्रत्येकाने आपल्या वर्गातली एक चुकलेली वही आणावी आणि मुलाने तसं का केलं असेल, यावर सगळ्यांनी डोकं लावावं. चार शाळांत एकच चूक निघाली, तर ती कोणत्या धड्यापासून सुरू झाली, हे त्याच बैठकीत शोधता येईल.