पांडांचे कृत्रिम रेतन: पार्श्वभूमी

बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयात १९६३ मध्ये नैसर्गिक मीलनातून पांडाचे पिल्लू जन्मले, १९७८ मध्ये कृत्रिम रेतनातून, म्हणजे मीलनाशिवाय नराचे रेत (वीर्य) मादीत सोडून. गोठवलेल्या रेताचे यश १९८० मध्ये चीनमधल्याच चेंगदू शहरात मिळाले. पुढची अनेक वर्षे मात्र रडतखडत गेली: बहुतेक नर मीलनाला तयारच नसत आणि झालेली पिल्ले फारशी जगत नसत. घडी बसली ती १९९० च्या दशकात, वोलोंग आणि चेंगदू इथल्या पांडा केंद्रांत.

मादीचा माज (मीलनाचा काळ) वर्षातून एकदाच, बहुधा फेब्रुवारी ते मे दरम्यान. त्यातही फळण्याची वेळ २४ ते ७२ तास. म्हणून मादीच्या लघवीतले इस्ट्रोजेन हे संप्रेरक रोज मोजतात. ते चढत जाऊन एकदम घसरले की एक-दोन दिवसांत स्त्रीबीज सुटते. ही घसरण निसटली, तर गाठ थेट पुढच्या वर्षीच. नराला भूल देऊन विद्युत उत्तेजनाने रेत काढतात. ते ताजे वापरतात किंवा उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात.

वाद झाला तो दुहेरी पद्धतीचा. मीलन जमणारे नर मोजकेच, त्यामुळे त्यांचीच वंशावळ फोफावत होती. उपाय असा निघाला की मादीचे अशा नराशी मीलन होऊ द्यायचे आणि त्याच माजात दुसऱ्या नराचे रेत सोडायचे. मादी गाभण राहण्याची शक्यता वाढली, पण बाप कोण हे डीएनए चाचणीशिवाय कळेना. त्याहून वाईट म्हणजे यश नक्की कशाचे, हेच नोंदींतून सांगता येईना. नुसत्या रेतनातून मीलनाच्या मानाने बरीच कमी पिल्ले होतात, हे आकडे वेगळे काढल्यावरच दिसले. शिवाय रेतनासाठी मादीला भूल द्यावी लागते, कधी एकाच माजात दोनदा. जोडीदार दोघांनाही पसंत असला तर पिल्ले जास्त होतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या आधी नर ठरत असे तो मुख्यतः वंशावळीच्या तक्त्यावरून.

पिल्ले जगू लागली ती वेगळ्याच युक्तीने. निम्म्याच्या आसपास बाळंतपणांत जुळे होते आणि आई सहसा एकालाच सांभाळते. मग जेमतेम १०० ग्रॅमचे दुसरे पिल्लू इन्क्युबेटरमध्ये ठेवून दोघांची आलटून पालटून अदलाबदल करतात. आईचे दूध दोघांनाही मिळते.

रेतन बाद झालेले नाही. वॉशिंग्टनमध्ये २०२० साली कोविडच्या साथीमुळे मोजकीच माणसे हाताशी होती. तेव्हा फक्त गोठवलेले रेत वापरले आणि २२ वर्षांच्या मादीला पिल्लू झाले.