सुंदानी शेतकरी गाव

इंडोनेशियातील जावा बेटाच्या पश्चिम भागात, मुख्यतः पश्चिम जावा व बांतेन या प्रांतांत राहणाऱ्या सुंदानी लोकांची भातशेतीवर जगणारी वस्ती. जावानी लोकांखालोखाल सुंदानी हा देशातला दुसरा मोठा समाज असून २०१० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ३ कोटी ६७ लाख होती. बांडुंग, गारुत, तासिकमलाया, सुमेदांग आणि चिआंजुर यांना सामावणारा प्रियांगान हा ज्वालामुखींचा डोंगराळ मुलूख त्यांचे मूळ क्षेत्र मानला जातो.

सरकारदरबारी गावाचे एकक ‘देसा’. त्यात अनेक ‘कांपुंग’, म्हणजे वाड्या असतात. ज्या वाडीत माणूस जन्मला ती त्याची ‘लेंबुर’, आणि शहरात आयुष्य घालवलेला सुंदानीही गाव सांगताना तिचेच नाव सांगतो. यातली पुष्कळ नावे ‘चि’ने, म्हणजे ‘पाणी’ या अर्थाच्या शब्दाने सुरू होतात, कारण वस्ती ओढ्याकाठी वसते आणि ओढ्याचेच नाव घेते. वाडीखाली घरांचे आणखी लहान गट असतात. ही गटपद्धत १९४२ ते १९४५ च्या जपानी अंमलात नजर ठेवण्यासाठी बसवली गेली. जपानी गेले, गट राहिले; आजही कोणत्याही दाखल्याची सुरुवात गटप्रमुखाच्या सहीने होते. काही गावांत रात्रीची गस्त घालणारे घराघरापुढे टांगलेल्या बांबूच्या नळीतून मूठ-चिमूट तांदूळ गोळा करतात. ‘बेआस पेरेलेक’ नावाचा हा साठा अडलेल्या घराला किंवा गावच्या कामाला जातो.

जुने घर खांबांवर उचललेले, बांबूच्या चटयांच्या भिंतींचे आणि ताडवर्गीय झाडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेले असे. स्वयंपाकघराला लागून तांदळाची छोटी खोली असते. परंपरेने तिथे फक्त बायकांनी जायचे. घराजवळ ‘बालोंग’ हे मासळीचे तळे असते. पूर्वी त्याच तळ्यावर बांबूचा शौचकूप बांधलेला असे आणि मासे त्यावरच पोसत. बाहेरच्याला हे ऐकून जेवण जाईल, पण खत, खाद्य आणि सण-समारंभाची मासळी एकाच खड्ड्यात साधणारी ही व्यवस्था बिनडोक नक्कीच नव्हती. आता विटांची घरे आणि चकचकीत फरशी सर्वत्र दिसते. जेवण मात्र फारसे बदललेले नाही: भात, मिरचीचा ठेचा, खारवलेली मासळी आणि कच्चा पाला. केळीच्या पानावर भात पसरून सगळ्यांनी एकत्र जेवणे ही कामाच्या दिवसाची मोठी मौज असते.

डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची खाचरे पाहून ही शेती अनादी वाटते, पण तसे नाही. सुंदानी शेतकरी मुळात ‘हुमा’ करणारा, म्हणजे रान जाळून कोरडा भात पेरणारा व दोनतीन वर्षांनी जागा बदलणारा होता. ‘सावाह’, म्हणजे पाणी बांधलेले खाचर, इथे सतराव्या शतकापासून मध्य जावातील माताराम राज्याच्या प्रभावाने पसरले. पुढे डच कंपनीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रियांगानवर कॉफीची सक्ती लादली आणि ती १९१६ पर्यंत टिकली. फिरत्या शेतकऱ्याकडून कॉफी वसूल करणे कठीण; खाचराशी बांधलेला माणूस जागेवर सापडतो. त्यामुळे भाताच्या स्थिर शेतीला वरूनही रेटा मिळाला.

भाताची देवी न्यी पोहाची सांगह्यांग आस्री; तिच्या नावातली ‘स्री’ म्हणजे आपलीच श्री. गाव मुसलमान असले तरी पहिली जुडी तिच्या मानाने घरी येते. तिला धक्का बसू नये म्हणून लोंब्या तळहातात मावणाऱ्या छोट्या पात्याने एकेक खुडत. हरितक्रांतीच्या बुटक्या जाती आल्या आणि बहुतेक ठिकाणी विळा चालू झाला. कुनिंगानजवळच्या चिगुगुर येथे आणि सुकाबुमी जिल्ह्यातील चिप्तागेलार येथे ‘सेरेन ताउन’ हा सुगीचा सण अजून थाटात होतो. चिप्तागेलारमध्ये भात वर्षातून एकदाच लावतात, तांदूळ विकणे निषिद्ध आहे आणि लोंब्या ‘लेउइत’ नावाच्या कोठारांत वर्षानुवर्षे राहतात.

मालमत्तेचा विषय निघाला की प्रश्न तुकड्यांचा होतो. जावातील बहुतेक शेतकरी कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन आहे. गावात हेक्टरचा हिशेब क्वचितच ऐकू येतो. मोजायचे ते ‘बाता’ किंवा ‘तुंबाक’मध्ये, म्हणजे सुमारे १४ चौरस मीटरमध्ये. शंभर तुंबाक म्हणजे जेमतेम चौदा गुंठे, आणि तेवढ्या खाचराचा मालक गावात अगदी गरीब धरला जात नाही. जमीन, तिच्यावरचे झाड आणि तिच्यावरचे घर यांचे मालक रूढीप्रमाणे वेगवेगळे असू शकतात. बांबूचे हलके घर तर शेजाऱ्यांनी खांद्यावर घेऊन दुसरीकडे ठेवल्याचेही प्रसंग घडत.

वारसा आई आणि बाप दोघांकडून येतो आणि मुलीलाही मिळतो. इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणे मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. प्रत्यक्षात बरीच कुटुंबे समान वाटण्या करतात आणि भांडण टाळण्यासाठी आईबाप हयातीतच जमीन देऊन टाकतात. लग्नात प्रत्येकाने आणलेले ज्याचे त्याचे राहते, संसारात मिळवलेले ‘गुना काया’ दोघांचे. गरीब नवरा श्रीमंत बायकोच्या घरी राहू लागला, तर तो ‘अंबाड्याच्या आडोशाला’ गेला असे म्हणतात. हा नुसता टोमणा नाही. रूढीच्या कायद्यात तो विवाहाचा एक मान्य प्रकार आहे.

जमीन विकण्याआधी गहाण पडते. सावकार पैसे देतो आणि परतफेड होईपर्यंत पीक स्वतः घेतो. मूळ मालक कधीकधी आपल्याच खाचरात अर्धेलीने राबतो. १९६० च्या कायद्याने सात वर्षे किंवा अधिक काळ गहाण राहिलेली शेतजमीन काहीही न घेता परत द्यावी असे ठरवले. पण गहाण देणाराघेणारा नात्यातला किंवा शेजारचा असतो आणि व्यवहार तोंडी होतो, त्यामुळे हे कलम गावात वापरायला छाती लागते. त्याच वर्षीच्या मूलभूत जमीन कायद्याने नोंदणीकृत मालकी आणली. तरी खेड्यात दीर्घकाळ चालला तो ‘गिरिक’, कर भरल्याचा जुना कागद. सातबाऱ्यावर नाव म्हणजे निर्विवाद मालकी नव्हे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला गिरिकची अडचण वेगळी समजवावी लागणार नाही. २०१७ पासून सरकारने गावेच्या गावे मोजून प्रमाणपत्रे देण्याची मोहीम चालवली आहे.

एवढ्याशा जमिनीवर घर चालत नाही, म्हणून प्रवास हा इथे पोटाचा भाग आहे. १८०८ मध्ये गव्हर्नर-जनरल डांडेल्सने सुरू केलेला टपालमार्ग वेठबिगारीने प्रियांगानमधून गेला. सुमेदांगजवळ तो कडा फोडून काढावा लागला. रेल्वे १८८४ मध्ये बांडुंगला आणि १८८९ मध्ये गारुतला पोहोचली. गारुतचा फाटा १९८३ मध्ये बंद पडून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. वाडीपर्यंत मात्र यातले काहीच येत नाही. मोठ्या रस्त्यावर ‘आंग्कोत’ ही ठरावीक मार्गाची छोटी गाडी आणि तिथून वर ‘ओजेक’, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. खताचे पोते, आजारी आजी, शाळकरी पोरे, सगळे तिच्यावरच. पूर्वी भाताच्या जुड्या बांबूच्या कावडीवर येत. दोर बांबूवर घासून निघणाऱ्या करकरीतून ‘रेंगकोंग’ ही मिरवणुकीची कलाच तयार झाली.

बाहेर जाणाऱ्यांच्या वाटा गावागणिक ठरलेल्या असतात. गारुतच्या बान्यूरेस्मी भागातले न्हावी जकार्तात प्रसिद्ध आहेत, तासिकमलायाचे लोक हप्त्याने माल विकत दारोदार फिरतात, तर चिआंजुर आणि सुकाबुमीतल्या कित्येक बायका घरकामासाठी आखाती देशांत गेल्या. २०१५ मध्ये सरकारने तिकडे घरकामगार पाठवण्यावर बंदी घातली, तरी चोरवाटा पूर्ण बुजल्या नाहीत. रमजान ईदला सगळे परततात तेव्हा एरवी रिकामे रस्ते तासन्‌तास तुंबतात.

उलट टोकाला बांतेनमधील कानेकेस गावचे बादुई, हा जुन्या रूढी कडकपणे पाळणारा समाज, आहेत. त्यांच्यातील आतल्या गावांना वाहनात बसणे आणि खाचर करणे दोन्ही वर्ज्य आहे, त्यामुळे जकार्ताला जायचे तरी ते अनवाणी चालत जातात. गारुत–तासिकमलाया रस्त्याखालच्या दरीतील कांपुंग नागाने वीज नाकारली आहे आणि तिथे शेकडो पायऱ्या उतरूनच जावे लागते. चिप्तागेलारचे लोक तर पूर्वजांचा आदेश आला की गावच हलवतात. सध्याच्या जागी ते २००१ मध्ये आले.

बाकीच्या गावांत हलतात ती माणसे, आणि त्यांच्यामागे जमिनीचा प्रश्न राहतो. १९६१ च्या नियमाने आपल्या तालुक्याबाहेर राहणाऱ्याला शेतजमीन ठेवण्यास मनाई आहे. तरीही जकार्तातला भाऊ आपला वाटा विकत नाही; गावातल्या बहिणीला अर्धेलीने लावतो आणि अर्धा तांदूळ ईदनंतर गाडीच्या टपावर बांधून नेतो. याहून अवघड गोष्ट शहरातल्या परक्या खरेदीदाराची. तो बहुधा गावातल्याच कुणाच्या तरी नावावर खाचर घेतो, आणि कर भरल्याच्या कागदावर नाव गावकऱ्याचेच दिसत राहते.