ओसीआय कार्ड आहे, मुलगी भारताकडून फुटबॉल खेळू शकते का? कागदपत्रं, पात्रता आणि बाकीची भानगड

माझी मावसबहीण मेलबर्नला असते, तिची मुलगी चौदा वर्षांची, डावखुरी म्हणजे डाव्या पायाची, आणि घरची म्हणून नाही सांगत पण पोरगी खरंच चांगली खेळते. २०२५ मध्ये ५ जुलैला चियांग मायला आपल्या मुलींनी थायलंडला २-१ हरवलं, संगीता बासफोरने दोन्ही गोल मारले, आणि क्वालिफायर खेळून, जिंकून आशियाई कपला जायची ही आपली पहिलीच वेळ, तेही स्पर्धा ऑस्ट्रेलियातच. तर लगेच बहिणीचा फोन, "अगं, इंडिया टीमचा फॉर्म कुठे भरायचा? हिच्याकडे ओसीआय आहे."

ओसीआय म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड. म्हटलं बघून सांगते. बघितलं तर प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. फॉर्म असा काही नसतोच, आणि ओसीआय चालत नाही.

फॉर्मचं आधी उरकते. नॅशनल टीमला अर्ज करायचा नसतो, कोच बघतात आणि कॅम्पला बोलावतात. बघतात कुठे, तर इंडियन विमेन्स लीगमध्ये, ज्युनियर नॅशनलमध्ये आणि राज्यांच्या सीनियर स्पर्धेत (हिला आता राजमाता जिजाबाई ट्रॉफी म्हणतात, आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नसेल). म्हणजे मुलीचं नाव आधी कुठल्यातरी क्लबकडून ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस नावाच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये चढलेलं पाहिजे. ते क्लबवाले करतात, आपण फक्त फोटो, जन्मदाखला, ओळखपत्र आणि १८ खाली असेल तर पालकांची संमती द्यायची. महाराष्ट्रात राज्य संघटना म्हणजे विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन. "पैसे भरा, थेट इंडिया कॅम्प" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या, बाकी काही करू नका.

आता ओसीआय. नावात सिटिझन आहे म्हणून सगळे फसतात, मीही फसले होते. हे नागरिकत्व नाही, आजन्म व्हिसा समजा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच, आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये क्रीडा मंत्रालयाने स्पष्ट करून टाकलं की देशाकडून खेळायचं तर भारतीय नागरिकच पाहिजे. हे सगळ्या खेळांना लागू आहे, फुटबॉलवाल्यांचा वेगळा खडूसपणा नाही.

याची किंमत काय ते पुण्यातच दिसलं होतं. २०२२ चा महिला आशियाई कप आपल्याकडे होता, नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी, आणि आपल्या टीमला कोरोनाने गाठलं, चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) खेळायला पुरेशा मुली उभ्याच राहिल्या नाहीत आणि स्पर्धेतून बाहेर. त्याच स्पर्धेत ३० जानेवारीला बालेवाडीच्या रिकाम्या स्टेडियमवर फिलिपिन्सने त्याच चायनीज तैपेईला पेनल्टीवर हरवलं आणि पहिल्यांदा वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. शेवटची पेनल्टी मारली सरीना बोल्डनने, जन्म कॅलिफोर्नियातला. पुढच्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडला त्यांच्याच घरात, वेलिंग्टनला, १-० हरवलं तो गोलही तिचाच. त्या टीममध्ये अमेरिकेत वाढलेल्या मुली भरपूर होत्या, कारण त्यांच्या देशात दोन पासपोर्ट चालतात. आपल्या न्यू जर्सीच्या, लंडनच्या, मेलबर्नच्या पोरींना ती सोयच नाही. मला हे पटतं का? नाही. पण नियम आहे तो आहे.

मग रस्ता काय? परदेशी नागरिकत्व सोडून भारतीय व्हायचं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ५ बघा. ओसीआय होऊन ५ वर्षं झालेली पाहिजेत आणि अर्जाच्या आधी १ वर्ष भारतात राहिलेलं पाहिजे. आई किंवा वडील आधी स्वतंत्र भारताचे नागरिक असतील तर त्यांच्यासाठी वेगळं पोटकलम आहे, तिथेही १२ महिन्यांचं वास्तव्य लागतंच, खास कारण असेल तर सरकार ३० दिवसांपर्यंतची गैरहजेरी माफ करू शकतं. महत्त्वाचं म्हणजे हे दोन्ही रस्ते सज्ञान माणसाला. आमच्या चौदा वर्षांच्या पोरीला १८ पर्यंत थांबणं आलं, कारण बहीण आणि भावजी दोघंही ऑस्ट्रेलियन होऊन बसलेत. आई-बाप भारतीय नागरिक असतील तर अज्ञान (१८ खालच्या) मुलांना नोंदणीची सोय आहे, ते घर वेगळं.

अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि मग त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची, तिथून चौकशी, राज्य सरकार, मग दिल्ली असा प्रवास. सोबत परदेशी पासपोर्ट, ओसीआय, वर्षभर इथे राहिल्याचा पुरावा, स्वतःचा आणि आई-वडिलांचा जन्मदाखला, आई-वडिलांच्या जुन्या भारतीय पासपोर्टच्या प्रती. परदेशी नागरिकत्व आधीच सोडून बसू नका!! आधी इकडून स्वीकारल्याचं पत्र येतं, मग तिकडचं सोडायचं आणि त्याचा पुरावा द्यायचा, मग सर्टिफिकेट, मग पासपोर्ट. उलट केलं तर मधल्या काळात पोरगी कुठल्याच देशाची नाही.

पासपोर्ट आला म्हणजे झालं का, तर नाही, पुढे फिफा आहे. नवं नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूचं त्या देशाशी नातं दाखवावं लागतं: स्वतःचा जन्म तिथला, किंवा जन्मदात्या आई-वडिलांपैकी कोणाचा, किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा, नाहीतर ठरावीक वर्षं तिथे राहिलेली. आपल्या बहुतेकांचं आई किंवा आजीवर भागतं. आणि आधी दुसऱ्या देशाकडून अधिकृत स्पर्धेत खेळली असेल, अंडर १७ का असेना, तर असोसिएशन बदलायची परवानगी फेडरेशनमार्फत फिफाकडून आणावी लागते. ज्युनियर पातळीवर, २१ व्या वर्षाच्या आत खेळलेली असेल तर वाट आहे, पण सीनियर टीमकडून वर्ल्ड कप किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत उतरली असेल तर विषय संपला. फ्रेंडली मॅचने माणूस बांधला जात नाही, तरी कागद लागतात. पुरुषांच्या टीमचा रायन विल्यम्स आठवा, पर्थचा, आई मुंबईची, आजोबा संतोष ट्रॉफीत (पुरुषांची राज्यांची स्पर्धा) मुंबईकडून खेळलेले, त्याने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडलं, भारतीय पासपोर्ट हातात आला, आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशविरुद्ध खेळता आलं नाही, कारण तिकडची एनओसी आणि वरची मंजुरी वेळेत आली नव्हती.

आता खरी मजा. नातं दाखवायला बहिणीचा जन्मदाखला पाहिजे. मावशीने ट्रंकेतून काढून मला फोटो पाठवला, घडीवर फाटलेला, सेलोटेप पिवळी पडलेली, आणि नावाच्या रकान्यात काहीच नाही! लिंग स्त्री, वडिलांचं नाव, गाव, तारीख, बस. पूर्वी बारशाआधी नोंद व्हायची आणि नाव घालायला परत कोण जातंय. अशा नोंदीत नाव घालता येतं, नियमात १५ वर्षांची मुदत आहे पण शासन अधूनमधून मुदतवाढ देतं, त्यामुळे जिथे नोंद आहे त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारायचं. आणि जन्माची नोंदच नसेल, वर्ष उलटून गेलं असेल, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

हे इथे राहणाऱ्यांनाही लागू आहे बरं का. नंदुरबारची असो नाहीतर कोल्हापूरची, मुलगी खेळते आहे तर जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला तिन्हींवर नाव, स्पेलिंग, जन्मतारीख एकच आहे का ते आजच बघा. वयोगटाच्या स्पर्धेत तारखेत फरक दिसला की पहिला संशय वयचोरीचा येतो, कारकुनाची चूक होती हे कोण ऐकणार. पासपोर्टही काढून ठेवा, अज्ञान मुलांसाठी साधा १००० रुपयांत होतो, दोन्ही पालकांच्या सहीचं परिशिष्ट ड लागतं, आणि साधारण ५ वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत चालतो, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा.

गोव्यातल्या पालकांसाठी वेगळं सांगते. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, आणि युरोपात कामाला जायचं म्हणून घरोघरी लोक ते घेतात, त्यात चूक काही नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आणि त्याबरोबर भारताची जर्सीही. घरात कोणी खेळणारी असेल तर लिस्बनला कागद पाठवायच्या आधी तिला विचारा, नंतर परत यायचं म्हणजे वर लिहिलेली सगळी वारी.

क्लबचं एक राहिलं. तिकडे क्लबला रजिस्टर असलेली मुलगी इकडच्या क्लबला येणार असेल तर आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं, १० वर्षांपासून पुढे सगळ्यांना. १८ च्या आत तर आई-वडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने इथे राहायला आलेत हे दाखवावं लागतं, नाहीतर मोजके अपवाद आहेत त्यात बसावं लागतं. आणि भारतीय पासपोर्ट येईपर्यंत ओसीआयवाली मुलगी परदेशी खेळाडू म्हणूनच मोजली जाते.

बहिणीला हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. तिचा रिप्लाय आला, "म्हणजे हिने १७ व्या वर्षी येऊन वर्षभर आईकडे सांगलीला राहायचं?" पाठोपाठ मुलीचाच व्हॉइस मेसेज, मोडक्या मराठीत, की आजीच्या घराजवळ ग्राउंड आहे का ते सांग. ग्राउंड आहे, पण त्यावर क्रिकेट चालतं. मावशी मात्र सोमवारी नगरपालिकेत जाणार आहे, नाव घालून घ्यायला.