ट्रेकसाठी म्यानाचा चाकू घेताय? आधी धारेचं ठरवा

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यांत दणकट कोणता?" दुरुस्तीला येणाऱ्या चाकूची तक्रारही ठरलेली: "झकास चालत होता, एकदा धार लावून आणली आणि आता टोमॅटोसुद्धा कापत नाही." दोन्हींचं उत्तर एकच आहे. चाकू निवडण्याआधी त्याला धार कोण लावणार आणि कशावर लावणार, हे ठरवा.

माप

अंतूर किंवा सुतोंडा किल्ल्याची चढाई असो, म्हैसमाळची भटकंती असो की हुरड्याच्या दिवसांत शेतावरचा मुक्काम, चाकूची कामं तीच असतात: दोरी कापणं, भाजी चिरणं, चुलीसाठी वाळल्या काटकीच्या साली काढणं, तंबूची खुंटी तासणं. त्यासाठी ४ इंच पातं पुरतं. पाठीची जाडी ३ ते ३.५ मि.मी. असावी. ५ मि.मी. जाडीचं पातं हातात भारदस्त वाटतं, पण कांद्यात पाचरीसारखं शिरतं आणि कांदा कापण्याऐवजी फोडतं.

पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं, म्हणजे फुल टँग. मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी दिसते, त्यावरून खात्री करून घ्या. पोकळ मुठीत होकायंत्र आणि काडेपेटी असलेले चाकू आम्ही ठेवत नाही. त्यांत पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि जोर लागला की तिथेच तुटतं. पाठीवर करवतीचे दात असलेलेही ठेवत नाही. ते दात लाकूड नीट कापत नाहीत आणि पाठीवर अंगठा टेकवू देत नाहीत. बाभळीचं ओंडकं फोडायचं असेल तर कुऱ्हाड किंवा कोयता न्या. चाकूवर दगड ठोकून लाकूड फोडू नका.

पोलाद

आम्ही दोनच पोलादांत चाकू करतो. पहिलं ईएन ३१, म्हणजे बेअरिंगचं पोलाद. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ते ठाऊक असतं. धार बारीक लागते, साध्या दगडावर लवकर लागते, पण गंज धरतं. चिंच-लिंबू कापून तसंच ठेवलं तर तासाभरात डाग पडतो. दुसरं १४सी२८एन, स्वीडनचं स्टेनलेस. पावसाळी ट्रेक करणाऱ्यांनी आणि चाकू पुसायला विसरणाऱ्यांनी हेच घ्यावं. डी२ या आणखी कठीण, झीज न होणाऱ्या पोलादाची मागणी खूप होते. त्याची धार टिकते हे खरं, पण एकदा गेली की घरच्या दगडावर परत आणताना हात दुखून येतात. मग माणूस कंटाळून चाकू धार लावणाऱ्याच्या चाकावर नेतो, म्हणून आम्ही डी२ करत नाही.

कमानपाट्याचे चाकू स्वस्त मिळतात. पोलाद चिवट असतं, पण ट्रकखाली वर्षानुवर्षं राबलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. आम्ही नवी पट्टी वापरतो. किमतीतला काही फरक तिथला आहे.

चाकावरची धार

ईएन ३१चं पातं आम्ही सुमारे ८५० अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवतो आणि मग २०० अंशांच्या आसपास दोनदा, प्रत्येकी दोन तास, भाजतो. त्यातून ५८-५९ रॉकवेल कठीणपणा येतो. यालाच आपण पोलादाला पाणी देणं म्हणतो.

आता हेच पातं कोरड्या एमरी चाकावर धरलं की काय होतं ते पाहा. धारेच्या लगत पातं अर्धा मिलिमीटरही जाड नसतं. घर्षणाची उष्णता पसरायला तिथे पोलादच नाही. काही सेकंदांत कड आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळी आणि शेवटी निळी पडते. निळा रंग दिसला म्हणजे ती जागा ३०० अंशांच्या आसपास तापली. जे पोलाद २०० अंशांवर भाजून त्या कठीणपणाला आणलं होतं, त्याचं पाणी तिथे उतरलं. लगेच पाण्यात बुडवून ते परत येत नाही. पॉलिश मारून निळा डाग जातो, मऊपणा तसाच राहतो. स्टेनलेसवर हेच रंग जास्त तापल्यावर उमटतात, त्यामुळे रंग दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

घरी आल्यावर धार झकास वाटते, कारण चाकाने ती पातळ केलेली असते. दोन दिवसांत मात्र ती वळते. यात धार लावणाऱ्या कारागिराचा दोष नाही. विळा-कोयत्याची धार जाड आणि पोलाद मऊ असतं, तिथे त्याचं चाक चोख काम करतं.

असा चाकू आम्ही बदलून देत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. दुरुस्त मात्र करून देतो. मऊ झालेला भाग, साधारण २ ते ३ मि.मी., पाणी सोडत सावकाश काढावा लागतो आणि पातं पुन्हा पातळ करून नवी धार बसवावी लागते. चाकू तेवढा अरुंद होतो आणि अर्धा दिवस जातो.

घरी धार लावताना

एका बाजूने ४०० आणि दुसऱ्या बाजूने १००० नंबरचा पाण्याचा दगड पुरतो. दगड दहा मिनिटं भिजवा. कोन दर बाजूला २० अंश हवा. पातं एक इंच रुंद असेल तर पाठ दगडापासून साडेआठ मि.मी. वर येते, म्हणजे जवळपास करंगळीच्या नखाएवढी. एका बाजूने घासत राहा, पलीकडच्या कडेला बारीक बर, म्हणजे वळून आलेली पोलादाची खरखरीत कड, लागेपर्यंत. अंगठा पाठीकडून धारेकडे सरकवला की ती जाणवते. बर टाचेपासून, म्हणजे मुठीजवळच्या धारेपासून, टोकापर्यंत लागली तरच बाजू बदला. बहुतेकांची धार इथेच फसते: बर यायच्या आधीच ते पातं उलटवतात. शेवटी चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, धार मागे ठेवून, दर बाजूने दहा-पंधरा वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की झालं.

ट्रेकमध्ये दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते.

ईएन ३१ला शिलाई मशीनचं तेल लावा, खाण्याच्या कामाचा चाकू असेल तर खोबरेल. करडईचं तेल नको, ते वाळून चिकट थर धरतं. घरी चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पात्यावर गंजाचे खड्डे पडतात.

कायद्याचं

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. आमचे चाकू या मापांच्या बरेच आत आहेत. तरीही पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चा मनाई आदेश लागू असताना सुरा बाळगता येत नाही. गौताळ्यासारख्या अभयारण्यात तर लहान चाकूही लेखी परवानगीशिवाय नेऊ नका: वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या व्याख्येत चाकू हे शस्त्रच आहे. प्रवासात चाकू म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवा, कमरेला लावून बसमध्ये चढू नका.

आमच्याकडून घेतलेल्या चाकूला पहिलं वर्षभर मोफत धार लावून देतो, आणि दगडावर हात बसेपर्यंत शिकवतोही. येताना चाकू पुसून, धारेवर जाड पुठ्ठा बांधून आणा. दगड असेल तर तोही सोबत आणा.