एका कूलरइतकी वीज

नागपूरच्या मे महिन्यात चालणारा साधा लोखंडी कूलर पंखा आणि पंप मिळून साधारण १८० वॉट घेतो. रात्रीचे दहा तास चालला की १.८ युनिट. विकसनशील देशांत कुठे ‘वीज पोहोचली’ असे जाहीर होते, तेव्हा त्या विजेवर नक्की काय चालेल हे तपासायला हा आकडा सोयीचा आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी सातवे ऊर्जेचे आहे : २०३० पर्यंत प्रत्येकाला परवडणारी, भरवशाची, आधुनिक ऊर्जा. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार २०२३ मध्ये ६६.६ कोटी माणसे विजेविना होती. त्यांतली ८५ टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. लाकूड, गोवऱ्या, कोळसा असल्या इंधनांवर स्वयंपाक करणारे याच्या तिप्पट, सुमारे २१० कोटी. जागतिक बँक आणि आफ्रिकी विकास बँक यांनी २०२४ मध्ये ‘मिशन ३००’ जाहीर केले. आफ्रिकेतल्या ३० कोटी लोकांना २०३० पर्यंत वीज द्यायची, त्यांतले २५ कोटी जागतिक बँकेच्या वाट्याचे. पण एका माणसाला वीज मिळाली म्हणजे किती मिळाली?

पूर्वी हा प्रश्न कोणी फारसा विचारत नसे. आपल्याकडे २००४ च्या व्याख्येनुसार गावातल्या १० टक्के घरांत वीज आली, शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणी जोडणी झाली की गाव विद्युतीकृत ठरे. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरचे लेइसांग जोडले गेले आणि देशातले वीज पोहोचलेले शेवटचे गाव ठरले. उरलेल्या घरांसाठी ‘सौभाग्य’ योजना वेगळी चालवावी लागली ती यामुळेच.

जागतिक बँकेच्या ऊर्जा कार्यक्रमाने २०१५ मध्ये पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. पहिल्या पायरीवर किमान ३ वॉट आणि दिवसाला १२ वॉट-तास, म्हणजे एक दिवा आणि मोबाइलचे चार्जिंग. दुसरीवर ५० वॉट आणि २०० वॉट-तास. तिसरीवर २०० वॉट आणि १ युनिट (म्हणजे १,००० वॉट-तास), चौथीवर ८०० वॉट आणि ३.४ युनिट, पाचवीवर २ किलोवॉट आणि ८.२ युनिट, तेही दिवसाचे किमान २३ तास. युनिटांच्या हिशेबात आपला कूलर एकटाच तिसरी पायरी ओलांडून जातो. या मोजपट्टीत संध्याकाळी किती तास वीज हवी याचा वेगळा निकष आहे. खालच्या पायऱ्यांवर रात्री दोन वाजता पंखा चालतो का, हे मात्र कोणी विचारत नाही. विदर्भात, सुदानात किंवा चाडमध्ये तोच प्रश्न पहिला असायला हवा.

कूलर बाजूला ठेवू आणि पंख्यापुरता हिशेब करू. रामटेक तालुक्यातले शेतावरचे एक घर धरा. ७ वॉटचे तीन एलईडी दिवे पाच तास, म्हणजे १०५ वॉट-तास. २८ वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा आठ तास, २२४. दोन मोबाइल, २०. बेरीज साधारण ३५० वॉट-तास. साधा छताचा पंखा ७० ते ७५ वॉट घेतो. तो लावला तर एकट्या पंख्यालाच ५६० ते ६०० वॉट-तास लागतील आणि पॅनल-बॅटरी जवळजवळ दुप्पट घ्यावी लागेल. आधी काटकसरी उपकरण घ्यायचे, मग पॅनल मोजायचे. आंतरराष्ट्रीय प्रकल्पांमध्येही हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात.

पॅनल मोजताना मे महिन्याचे ऊन धरले तर फसगत ठरलेली. नागपुरात हिशेब जुलै-ऑगस्टचा धरायचा, जेव्हा दिवसाला पूर्ण उन्हाचे साडेतीन तास मिळाले तरी पुष्कळ. धूळ, उष्णता, तारा, कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा डबा) आणि बॅटरीतली गळती मिळून ३५ टक्के गेली असे समजा. ३५० भागिले साडेतीन भागिले ०.६५, म्हणजे १५४. म्हणून १६० वॉटचे पॅनल. तोंड दक्षिणेला, कल अक्षांशाइतका म्हणजे २१ अंश. नागपूर कर्कवृत्ताच्या खाली असल्याने २६ मे च्या सुमारास भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते आणि जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणून थोडा कमी कल ठेवला तरी बिघडत नाही, पण १० अंशांखाली नको. पावसाने धूळ धुऊन जायला तेवढा उतार लागतोच.

आता उन्हाचे. पॅनलवर छापलेले वॉट सेलचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. हवा ४५ अंश असेल तर सेल ७० च्या आसपास जातो, आणि दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के प्रमाणे १६ टक्के वीज कमी होते. एवढे सोसता येते, कारण त्या महिन्यांत ऊन भरपूर असते. खरी अडचण व्होल्टेजची. १२ व्होल्टच्या यंत्रणेसाठीचे ३६ सेलचे पॅनल १८ व्होल्टला पूर्ण शक्ती देते. तापल्यावर तो आकडा १५ च्या आसपास येतो. त्यातून छतापासून बॅटरीपर्यंत १० मीटर अंतर असेल आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढली असेल, तर ९ अँपिअरला जाऊन-येऊन २० मीटरमध्ये १.३ व्होल्ट पडतात. बॅटरीपाशी उरले पावणेचौदाहून कमी. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला उन्हाळ्यातही १४ लागतात. म्हणजे ऊन रणरणते आहे, कंट्रोलरचा दिवा चार्जिंग दाखवतो आहे आणि बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. ६ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर घट ०.६ व्होल्टच्या आत येते. तारेत वाचवलेले पैसे वर्ष-दीड वर्षात नव्या बॅटरीत जातात. स्वस्तात मिळते म्हणून ६० किंवा ७२ सेलचे मोठे पॅनल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला जोडणे हीही नेहमीची चूक. त्याचे व्होल्टेज तीसच्या वर असते, कंट्रोलर ते बॅटरीच्या पातळीला ओढतो आणि निम्मी वीज जाते. तिथे जास्तीचे व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीजोगे बदलून देणारा एमपीपीटी कंट्रोलरच हवा.

बॅटरी हा सगळ्या यंत्रणेचा कच्चा दुवा. दोन दिवस ढग राहिले तरी चालावे असे ठरवले, तर ७०० वॉट-तास वापरता यायला हवेत. लेड-ॲसिड ट्युब्युलर बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून १,४०० वॉट-तास, १२ व्होल्टला सुमारे १२० अँपिअर-तास. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्के वापरता येते, म्हणून १२.८ व्होल्टला ७० अँपिअर-तास पुरे. लेड-ॲसिडचे आयुष्य तापमान दर १० अंश वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. टिनाच्या छताखाली, दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवलेली बॅटरी कागदावरच्या आयुष्यापर्यंत पोहोचतच नाही. ती उत्तरेच्या खोलीत, लाकडी फळीवर, हवा खेळती राहील अशी ठेवायची, कारण भरताना हायड्रोजन सुटतो. तापमानानुसार चार्जिंग कमी करणाऱ्या कंट्रोलरचा सेन्सर भिंतीवर लोंबकळत ठेवू नये, बॅटरीला चिकटवावा. पाणी डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. बॅटरीच्या प्लस टोकापासून फूटभराच्या आत फ्यूज. लिथियमला पाणी लागत नाही, पण ती तापली की आतले बीएमएस (बॅटरीची राखण करणारे सर्किट) चार्जिंग बंद करते. बरेच उत्पादक ही मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान देतात, आणि टिनाखालची खोली मे महिन्यात तिथवर जाते. मग दुपारी दोनला चार्जिंग का थांबले म्हणून पॅनल बदलायला निघणारेही भेटतात.

बॅटरीचा हा त्रास लसीकरणाच्या क्षेत्राने वेगळ्याच वाटेने सोडवला. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. जुन्या सौर फ्रिजांची बॅटरी मेली की फ्रिज मेला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत बसणारे ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ फ्रिज आले. दिवसा पॅनल थेट कॉम्प्रेसर चालवते आणि ऊर्जा बर्फाच्या रूपात साठते. ऊन नसताना किमान तीन दिवस तापमान टिकले पाहिजे, हा निकष. ‘गावी’ (Gavi) या आंतरराष्ट्रीय लस-आघाडीने शीतसाखळीसाठी दिलेल्या मदतीतून असे फ्रिज अनेक देशांत गेले. शेजारच्या छत्तीसगडातही शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर यंत्रणा आहेत. तिथे शिकण्यासारखी गोष्ट पॅनलमध्ये नसून व्यवस्थेत आहे : गावांचे गट करून त्यांना तंत्रज्ञ नेमून दिलेला.

स्वयंपाक मात्र या सगळ्यात बसत नाही. इंडक्शनवर चार माणसांचा एक वेळचा स्वयंपाक म्हणजे जवळपास १ युनिट. आपले १६० वॉटचे पॅनल पावसाळ्यात दिवसभरात त्याच्या निम्मेही देत नाही. चुलीच्या धुराने आणि घरातल्या हवेच्या प्रदूषणाने २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तरी दिव्यांच्या प्रकल्पात शेगडी घुसवून दोन्ही बुडवण्यापेक्षा गॅस किंवा पक्के ग्रिड हाच आज मार्ग दिसतो.

पैसे कोण देतो यावर यंत्रणा किती टिकते ते ठरते. बांगलादेशाने २००३ मध्ये इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेमार्फत घरगुती सौर संच हप्त्यावर देणे सुरू केले. २०१८ पर्यंत असे सुमारे ४१ लाख संच लागले. हप्ता घ्यायला येणारा माणूसच बॅटरीचे पाणी पाहत असे, म्हणून संच चालत राहिले. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा २००७ मध्ये आली आणि तिच्या आधाराने एम-कोपासारख्या कंपन्यांनी रोजच्या छोट्या हप्त्यावर संच दिले. हप्ता चुकला की संच दुरून बंद होतो. उन्हाळ्यात पंखा दुरून बंद करणे कितपत योग्य, याचे समाधानकारक उत्तर या पद्धतीत नाही.

बांगलादेशात पुढे ग्रिड गावागावांत आले, संचांचे फुकट वाटपही झाले आणि हप्त्याचा बाजार आटला. बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॉटचे सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरते छोटे वीजजाळे, उभे राहिले. मागोमाग सरकारी ग्रिडची स्वस्त वीज आली, लोक तिकडे वळले, बॅटऱ्या संपल्या आणि काही वर्षांत ते बंद पडले. नायजेरियाने २०१६ च्या नियमांत याची तजवीज केली : मुख्य ग्रिड आले तर मिनीग्रिडवाल्याला भरपाई तरी मिळेल, नाहीतर ग्रिडची वीज घेऊन वाटता येईल. अशा दोन ओळींनी जेवढा खासगी पैसा गावात येतो तेवढा भाषणांनी येत नाही. भारत आणि फ्रान्सने ३० नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये जाहीर केलेली, गुरुग्रामला मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय सौर आघाडी शंभराहून अधिक देशांना जोडते. एकत्र मागणी, प्रशिक्षण आणि असे नियम हेच तिचे उपयोगाचे काम आहे.

नागपूर जिल्ह्यात ग्रिड आहेच. पण रोहिणीच्या वादळात खांब पडतात, डीपी जळते आणि शेतावरच्या घराचा नंबर शेवटी लागतो. तेव्हा संच आधीच असेल तर तो काढू नये. तीन दिवे आणि पंखा यांची १२ व्होल्टची वायरिंग वेगळीच ठेवावी, घराच्या २३० व्होल्टच्या फिटिंगला ती कुठेही शिवू देऊ नये. ढगाळ आठवड्यासाठी ग्रिडवर चालणारा १० अँपिअरचा चार्जर बॅटरीला जोडता येतो. तो बॅटरीच्या प्रकाराचाच असावा, कारण लेड-ॲसिडचा डिसल्फेशनवाला (प्लेटांवरचा साका झटकायला जादा व्होल्टेज देणारा) चार्जर लिथियमला लावला तर बीएमएस जाऊ शकते. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट क्रम.